कर्णा नव्हता, तरी पिवळा आला : एक मैफल, एक चित्र

गाणं ऐकत चित्र काढणं हे आपल्याकडे आता अंगवळणी पडलं आहे. मंचावर गायक, बाजूला कॅनव्हास, आणि मैफल संपता संपता श्रोत्यांच्या टाळ्यांत चित्रही पूर्ण, असे कार्यक्रम बऱ्याच गावांत होतात. ते बघताना मनात एक शंका येतेच : हे चित्र या गाण्यातून आलं, की गाणं नुसतं शेजारी चालू होतं? या शंकेचा छडा लावायचा तर एक जुनं प्रकरण तपासण्याजोगं आहे, कारण त्याची कागदपत्रं शाबूत आहेत. मैफलीची तारीख माहीत आहे, काय वाजलं ते माहीत आहे, कच्ची रेखाटनं आहेत, पुरं झालेलं चित्र आहे, सोबत गेलेल्या मित्राचं पत्र आहे आणि चित्रकाराने संगीतकाराला लिहिलेलं पत्रही आहे. गाव म्युनिक, तारीख २ जानेवारी १९११, चित्रकार वासिली कँडिन्स्की, संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग.

चित्रकाराचा पेच

कँडिन्स्की तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. मूळचा मॉस्कोचा, शिक्षण कायद्याचं आणि अर्थशास्त्राचं. १८९६ मध्ये डोरपाटच्या (आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या) विद्यापीठात प्राध्यापकी चालून आली होती. ती सोडून तिसाव्या वर्षी तो चित्रकला शिकायला म्युनिकला आला. चेलो वाजवायचा, पियानोही वाजवायचा. १९०९ पासून मुर्नाऊ या डोंगरपायथ्याच्या गावात गाब्रिएले म्युंटर या सहचारिणीच्या घरी तो बराच राही. तिथे केलेल्या निसर्गचित्रांत डोंगर, चर्च, झाडं यांचे हळूहळू नुसते रंगाचे पट्टे होत चालले होते.

पुढची पायरी उघड होती : वस्तू पार काढून टाकायची. आणि तिथेच गाडं अडलं होतं. वस्तू गेली तर उरलेल्या रंगांना धरून ठेवणार कोण? कलेतल्या आत्मिकतेवरचं त्याचं पुस्तक डिसेंबर १९११ मध्ये बाहेर आलं, पण त्याचा मसुदा त्याआधीचा. त्यात तो बजावतो की निसर्गाशी असलेला धागा आजच तोडून आपण नुसते शुद्ध रंग आणि मोकळे आकार जुळवत बसलो, तर हाती येईल ते नेकटायवरच्या किंवा गालिच्यावरच्या नक्षीच्या लायकीचं. अमूर्त चित्रकलेचा आद्य पुरुष म्हणून आज ज्याची आरती ओवाळली जाते, त्याला स्वतःला ही धास्ती होती. त्याच्या नावाने रंगाचे फराटे ओढणाऱ्यांनी हे पान एकदा वाचायला हवं.

संगीताकडे तो डोळे लावून बसला होता तो याचसाठी. संगीत कशाची नक्कल करत नाही, तरी विस्कटत नाही. पण त्या काळच्या युरोपीय संगीतालाही एक खुंटा होताच. रचना एका मुख्य स्वरापासून निघायची, कितीही हिंडली तरी तिथेच परतायची, आणि मधले सगळे कडू-गोड स्वरमेळ त्या मुक्कामाच्या नात्याने कळायचे. चित्रातल्या वस्तूचं काम हेच : डोळा कुठेही भटकला तरी ‘हा डोंगर’ म्हणून परत येतो. म्हणजे संगीताचा दाखला अर्धवटच कामाचा होता. खुंटा उपटूनही जे उभं राहतं असं संगीत त्याने अजून ऐकलेलं नव्हतं.

काय वाजलं

त्या रात्री मंडळी टोळीनेच गेली होती. कँडिन्स्की, म्युंटर, याव्लेन्स्की, मारियाने फॉन वेरेफ्किन आणि नुकतीच ओळख झालेला फ्रान्झ मार्क, सगळे चित्रकारच. शोनबर्ग हा व्हिएन्नाचा, वय छत्तीस. म्युनिकमध्ये त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. कार्यक्रमात त्याची दोन तंतुवाद्य-चतुष्कं, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचना, होती, काही गीतं होती आणि १९०९ मध्ये लिहिलेल्या तीन पियानो-रचना होत्या. चतुष्कं वाजवणारा संच आर्नोल्ड रोझे यांचा. रोझे व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे प्रमुख व्हायोलिनवादक आणि संगीतकार गुस्टाव्ह मालरचे मेहुणे. म्हणजे वाजवणारे हौशी बंडखोर नव्हते, दरबारी परंपरेतले होते.

दुसऱ्या चतुष्कावर थोडं थांबायला हवं. १९०८ मध्ये व्हिएन्नात ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा सभागृहात हुल्लड झाली होती. त्याचा पहिला भाग चांगला घरंदाज, एका ठरलेल्या स्वरसप्तकातला. दुसऱ्या भागात मध्येच व्हिएन्नाच्या गल्लीतलं एक लोकगीत डोकावून जातं. तिसऱ्यात अचानक चार तंतुवाद्यांच्या जोडीला गायिका उभी राहते. चतुष्कात गाणं, हाच एक धक्का. आणि शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा स्वरलेखनातून मुख्य स्वराची खूणच नाहीशी झालेली असते. गायिकेच्या तोंडी श्टेफान गेओर्ग या कवीची ओळ येते : दुसऱ्या ग्रहावरची हवा मला जाणवते आहे. आपल्या कानाने याची कल्पना करायची तर ख्याल रंगात आलेला असताना तंबोरे हळूच बंद करावेत, कोणता सा धरायचा हे कुणीच सांगू नये, आणि तरीही गवई एकेक स्वर ठामपणे लावत जावा. गंमत म्हणजे अगदी शेवटी शोनबर्ग पुन्हा सुरुवातीच्याच स्वरावरच्या शांत, शुद्ध स्वरमेळावर येऊन थांबतो. घर सोडलेला माणूस घराचा पत्ता विसरलेला नव्हता.

पियानोच्या तीन रचनांत मात्र तो पत्ताही नाही. तिसरी तर इतकी तुटक, की एक भाव मनात ठरेपर्यंत दुसरा येऊन आदळतो.

मैफलीच्या भित्तिपत्रकावर शोनबर्गच्या संगीतशास्त्रावरच्या लेखनातला एक विचार छापला होता : विसंवाद (कानाला खटकणारा स्वरमेळ) आणि सुसंवाद (कानाला गोड लागणारा) यांत फरक जातीचा नाही, फक्त प्रमाणाचा आहे, विसंवाद म्हणजे जरा दूरवरचा सुसंवाद. विवादी स्वर बेताने लावून रागाची रंगत वाढवणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे फारसं अचाट वाटणार नाही. म्युनिककरांना वाटलं.

मार्कने १४ जानेवारीला आउगुस्ट माके या चित्रकार मित्राला पत्र लिहिलं. मुख्य स्वराचं बंधन पूर्ण उठवलेलं संगीत तुला कल्पनेत तरी आणता येईल का, असं तो विचारतो. ऐकताना आपल्याला सतत कँडिन्स्कीच्या मोठ्या चित्राची आणि त्यातल्या ‘उड्या मारणाऱ्या डागां’ची आठवण येत होती, असं सांगतो, आणि मग त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं निरीक्षण नोंदवतो : या संगीतात प्रत्येक स्वर आपापला उभा असतो, जणू रंगांच्या डागांच्या मधे कोरा पांढरा कॅनव्हास सोडलेला आहे. मार्क संगीतज्ञ नव्हता. पण त्याने नोंदवलेली गोष्ट बघा : कोणता स्वर कोणत्या रंगाचा, हे त्याने लिहिलं नाही. स्वरांच्या मधलं अंतर त्याने लिहिलं.

चित्र

चित्राचं नाव ‘इम्प्रेशन ३’, कंसात ‘मैफल’. तैलरंग, आडवा कॅनव्हास, साधारण ७८ × १०० सेंटिमीटर. चित्र त्याच जानेवारीतलं. कँडिन्स्कीने या काळात आपल्या चित्रांची तीन खाती केली होती : बाहेरचं काही बघून उमटलेली ती इम्प्रेशन, आतून अचानक आलेली ती इम्प्रोव्हायझेशन, आणि महिनोन्‌महिने घडवत नेलेली ती कॉम्पोझिशन. मैफलीचं चित्र त्याने पहिल्या खात्यात टाकलं, हे ध्यानात ठेवायला हवं. ‘संगीतातून आलेलं अमूर्त चित्र’ म्हणून त्याची जाहिरात होते. खुद्द चित्रकाराच्या लेखी ते बघितलेल्या सभागृहाचं चित्र आहे.

आधी काळ्या खडूची दोन रेखाटनं आहेत. त्यांत ग्रँड पियानो आणि त्याच्या भोवतीचे श्रोते सरळ ओळखू येतात. रेखाटनाकडून रंगीत चित्राकडे आलं की काय काय गळलं ते दिसतं. पियानोचा उरला तो एक मोठा, तिरपा, काळा ठोकळा, चित्राच्या वरच्या अंगाला. श्रोते डाव्या कोपऱ्यात, पाठी वाकवून पुढे झुकलेले. कुणाच्या डोक्याची रेघ आहे पण तोंड नाही, कुणाला रंग आहे पण त्या रंगाला काठ नाही. मधे दोन उभे पांढरे पट्टे, ते बहुधा सभागृहाचे खांब. आणि उजवीकडून आलेला, पियानोला घेरून श्रोत्यांच्या अंगावर चाल करून जाणारा प्रचंड पिवळा.

आता हा पिवळा कुठला? सभागृहात पिवळं असं काही असल्याची खूण चित्रात नाही. तो कोणत्याच वस्तूचा नाही. मग उत्तर तयार असतं : तो आवाज आहे. कँडिन्स्कीला आवाज रंगात दिसायचे ना!

इथे त्याचंच पुस्तक काढून पडताळा घ्यावा. त्यात रंग आणि वाद्यं यांच्या जोड्या दिलेल्या आहेत. फिका निळा बासरी, गडद निळा चेलो, त्याहून गडद म्हणजे डबल बास. हिरवा म्हणजे व्हायोलिनचे शांत मधले स्वर. शेंदरी लाल म्हणजे ट्यूबा. आणि पिवळा? कानात घुसणारा, चढत्या आवाजात फुंकलेला कर्णा, ज्याला आपण ट्रम्पेट म्हणतो. २ जानेवारीच्या मैफलीत तंतुवाद्यं होती, गळा होता, पियानो होता. ट्रम्पेट नव्हता. फुंकायचं एकही वाद्य नव्हतं. स्वतःचा तक्ता लावून त्याने चित्र काढलं असतं तर ते निळं-हिरवं व्हायला हवं होतं.

काळ्याचं तर याहून अवघड. त्याच्या लिखाणात काळा म्हणजे मेलेली शांतता, पुढे काहीच शक्यता नसलेला विराम. बाहेरून सगळ्यात कमी आवाज करणारा रंग. आणि चित्रात नेमकं जे वाद्य वाजतं आहे तेच काळं. पियानो काळाच असतो, हे खरं. पण ज्याने माणसांना तोंडं ठेवली नाहीत त्याने पियानोचा खरा रंग भिडस्तपणे जपला असेल, हे मला पटत नाही.

त्याच पुस्तकात तक्त्याच्या शेजारी लिहिलेल्या दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात. एक : पिवळं वर्तुळ बघत राहिलं तर ते पसरतं, बघणाऱ्याच्या अंगावर येतं, निळं आत आकसतं, दूर जातं. दोन : काळ्याच्या शेजारी कोणताही रंग, अगदी अशक्तसुद्धा, जोरात आणि नेमका बोलतो. आता पुन्हा चित्राकडे वळा. काळा ठोकळा आवाज दाखवत नाही, तो पिवळ्याला बोलका करतो. पिवळा हे एखाद्या वाद्याचं नाव नाही, ती एक हालचाल आहे : मंचाकडून खुर्च्यांकडे, थांबवता न येणारी. श्रोते झुकलेत ते त्या हालचालीच्या उलट दिशेला, आवाजाच्या तोंडाकडे. चित्राचा सगळा ताण या दोन दिशांत आहे. चार वादक आणि गायिका गाळलेली आहेत, कारण या ताणात त्यांची गरज नव्हती.

रंगश्रवणाची गोष्ट लोकप्रिय आहे, हे कबूल. तरुणपणी मॉस्कोत वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ ऑपेरा ऐकताना आपले सगळे रंग डोळ्यांपुढे आले, वेड्यावाकड्या रेषा नाचल्या, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. पण ते लिहिलं १९१३ च्या आठवणींत, म्हणजे या मैफलीनंतर, स्वतःची वाटचाल मागे वळून जुळवताना. त्याला जन्मतः तशी संवेदना होती की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला तो वाद या चित्रापुरता गैरलागू वाटतो. संवेदना असेलही, पिवळा तिच्याने उलगडत नाही.

अठरा जानेवारीचं पत्र

चित्रकार स्वतः काय म्हणाला? शोनबर्गशी त्याची ओळखदेख नव्हती. तरी १८ जानेवारी १९११ ला त्याने पत्र घातलं. आपल्याला संगीतात जे हवंसं वाटत होतं पण नीट सांगता येत नव्हतं, ते तुम्ही करून दाखवलंत, असं म्हणून तो मुद्द्यावर येतो : तुमच्या रचनेत प्रत्येक सूर स्वतःच्या नशिबाने स्वतंत्र चालतो, स्वतःचं आयुष्य जगतो, नेमकं हेच मी चित्रात शोधतो आहे. आणि पुढे, चित्रातला किंवा संगीतातला आजचा विसंवाद हा उद्याचा सुसंवाद आहे. भित्तिपत्रकावरचं वाक्य मनात घर करून बसलं होतं, हे उघड आहे.

पत्रात रंगाचा तक्ता नाही. त्याने संगीतातून उचललं ते स्वरांचं एकमेकांपासून सुटं असणं. चित्रात ते कुठे दिसतं? रेघ आणि रंग यांची फारकत बघा. एरवी रेघ म्हणजे कुंपण आणि रंग आत भरायचा. इथे श्रोत्याच्या पाठीची रेघ आपल्या वाटेने जाते, रंग तिला ओलांडून भलतीकडे सांडतो, आणि दोघंही खरे राहतात. नेकटायची भीती इथे सुटू लागली होती. वस्तूऐवजी चित्राला धरून ठेवायला एकमेकांना न जुमानणाऱ्या हालचालींमधला ताण पुरतो, असा तो पुरावा होता.

शोनबर्गने आठवड्याच्या आत, २४ तारखेला उत्तर दिलं. तो स्वतः चित्रं काढत असे, १९१० मध्ये व्हिएन्नात त्यांचं प्रदर्शनही झालं होतं. कला नेणिवेची असते, शिकून मिळवलेल्या गोष्टींची नव्हे, असं त्याचं म्हणणं पडलं. कँडिन्स्की त्याच्याइतका निर्धास्त नव्हता; त्याला रचनेची चिंता होतीच. दोघं एकमेकांना पूर्ण समजले म्हणून जमलं असं नाही. सोयीपुरतं समजले, आणि तेवढ्यावर बरंच काम झालं.

त्याच वर्षाच्या शेवटी कँडिन्स्कीचं एक भलंमोठं चित्र त्याच्या स्वतःच्या कलावंत-संघाने ‘चार चौरस मीटरपेक्षा मोठं’ या नियमावर बोट ठेवून नाकारलं. तो, मार्क आणि म्युंटर बाहेर पडले आणि १८ डिसेंबर १९११ ला ‘ब्लाउए राइटर’, म्हणजे निळा घोडेस्वार, या नावाने वेगळं प्रदर्शन लावलं. त्यात शोनबर्गची चित्रंही होती. माकेला ती बिलकूल रुचली नाहीत. हिरव्या डोळ्यांचे पाव, अशी त्याने टर उडवली. मे १९१२ मध्ये निघालेल्या त्यांच्या वार्षिकात शोनबर्गचा लेख आणि स्वरलेखन छापलं गेलं. १९२३ मध्ये कँडिन्स्की बाउहाउस या जर्मन कलाशाळेत असताना तिथल्या ज्यूद्वेषाच्या बातम्या शोनबर्गच्या कानावर गेल्या, आणि त्याने इतकं जळजळीत पत्र लिहिलं की मैत्री तुटल्यात जमा झाली.

दोन शेजारची उदाहरणं

ॲनी बेझंट आपल्याला होमरूलमुळे आणि टिळकांमुळे माहीत. त्यांनी आणि थिऑसफी या गूढवादी चळवळीतले त्यांचे सहकारी लेडबीटर यांनी १९०५ मध्ये विचारांच्या आकारांवर एक सचित्र पुस्तक काढलं होतं. त्यात मेंडेलसन, गूनो आणि वाग्नर यांचं संगीत चर्चमध्ये वाजत असताना छपरावर आभाळात उठणारे रंगीत आकार काढलेले आहेत. कँडिन्स्की थिऑसफीचं साहित्य वाचत असे, त्या चळवळीच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंचा उल्लेख त्याच्या पुस्तकात आहे. पण त्या चित्रांत संगीत म्हणजे चर्चवर तरंगणारा ढग आहे. तो ऐकायला खाली कुणीही नसलं तरी चालेल. मैफलीच्या चित्रातून श्रोते काढून टाका, काही उरत नाही.

दुसरं उदाहरण त्याचं स्वतःचं. १९२६ मध्ये बिंदू आणि रेषा यांवरच्या पुस्तकात त्याने बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे सुरुवातीचे स्वर बिंदूंमध्ये मांडून दाखवले. मोठा बिंदू, छोटे बिंदू, वर-खाली. हे खरं भाषांतर, स्वराला स्वर. शिकवायला झकास आहे. पण ती आकृती आहे, चित्र नव्हे, आणि त्यानेही ती तशीच वापरली.

आपली रागमाला याहून वेगळ्या वाटेची. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दख्खनी रागमालांपासून पुढे, चित्रकाराच्या हाती असे ते रागाचं ठरलेलं ध्यान : तोडी म्हणजे वीणा घेतलेली नायिका आणि हरणं. एका विशिष्ट रात्री एका विशिष्ट गवयाने लावलेली तोडी त्या चित्रात यायची अपेक्षाच नव्हती. त्यामुळे ‘आमच्याकडे हे आधीपासून होतं’ म्हणून कँडिन्स्कीपुढे रागमाला आणली जाते तेव्हा दोन्हींवर अन्याय होतो. त्याची चित्रं भारतात आली तीही निराळ्या निमित्ताने : डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या बाउहाउस कलावंतांच्या प्रदर्शनात.

हे करून बघायचं असेल तर

भैरव म्हणजे केशरी, मारवा म्हणजे जांभळा, हा तक्ता बाजूला ठेवावा. कँडिन्स्कीने स्वतःचा तक्ता छापायला देऊनही चित्र काढताना पाळला नाही. त्याने ब्रश घेऊन मैफलीत बसण्याचीही घाई केली नाही. ऐकलं, खडूने सभागृह मांडलं, मग रंगांकडे गेला. विलंबित ख्याल ऐकताना ठेका आपल्या चालीने चाललेला असतो, गवई त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखा विस्तार करत असतो, आणि समेवर दोघं एकत्र येतात. त्या सुटेपणाला आणि त्या भेटीला रेघ आणि रंग यांत काय करता येईल, हा प्रश्न चित्रकाराच्या खऱ्या कामाचा आहे. आणि आधीच्या रेखाटनातलं काय गाळलं, याची चिठ्ठी चित्रामागे लिहून ठेवावी.

मूळ चित्र नाझी काळात म्युंटरने मुर्नाऊच्या घराच्या तळघरात इतर चित्रांसोबत लपवून वाचवलं. १९५७ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाला, तिने तो सगळा संग्रह म्युनिकच्या लेनबाखहाउस या संग्रहालयाला देऊन टाकला. चित्र आज तिथे आहे. खडूची रेखाटनं पॅरिसला पाँपिदू केंद्रात आहेत. दोन्हींच्या चांगल्या प्रतिमा मिळतात. त्या पडद्यावर शेजारी लावाव्यात, दुसरं चतुष्क शेवटच्या भागापासून लावावं, आणि आधी रेखाटन बघावं.